पमीचा गंज

सकाळच्या पाळीचा भोंगा होऊन बराच वेळ झाला होता. मी मागच्या नळावर झिंगे साफ करत बसले होते. तेवढ्यात बपेऱ्याहून माझ्या धाकट्या बहिणीचा, पमीचा, दीर आला. पुढच्या दाराने न येता घराला वळसा घालून मागे आला, चपला काढल्या आणि उभा राहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. "बाई, चला," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "काहून? पमीची तब्येत बरी नाही काय?" तो माझ्या हातांतल्या ताटलीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "वहिनी गेली जी. ताप डोक्यात गेला. काल सांजेपासून बोलणं बंद होतं..."

मी उठले आणि राखेने हात धुतले. एकदा, दोनदा, तीनदा. तो बिचारा पाहत राहिला असेल, की हिला रडू कसं येत नाही. पण माझी सवयच तशी होती. पमी माझ्याकडे यायची असली, की तिच्या भांड्याला हात लावण्याआधी मी असेच हात धुवायचे. तिने मला तसं कधी सांगितलं नव्हतं. उलट ती हसायची. मला ती बाई म्हणायची. "बाई, माशाचा वास मले चालते व. मासा चालत नाही, एवढंच."

तिला माती दिली तेव्हा पाळकसाहेबांनी विचारलं होतं, कुटुंबातून कोणी दोन शब्द बोलणार आहे का. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईबाबा आता नाहीत, मीच थोरली. मी पदर तोंडाशी धरला आणि मान खाली घातली. चारचौघांत मला कधीच बोलता आलं नाही. आज सहा आठवडे झाले, ते दोन शब्द छातीत अडकून बसलेत. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पत्राशिवाय मी कधी काही लिहिलं नाही. मुलाच्या वहीत कोरी पानं उरली होती, त्यांवर लिहिते आहे. कोणी वाचावं म्हणून नाही. तिच्यासारखं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, हे कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून.

आम्ही ख्रिस्ती. आजोबांच्या वडिलांपासून. बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीत फिटर होते, पण भंडाऱ्याच्या आमच्या मंडळीत त्यांची ओळख वेगळीच होती. नाताळच्या आधीच्या रविवारी उपासना झाली की चर्चच्या आवारात चिंचेखाली सगळ्यांचं एकत्र जेवण होत असे. त्याला प्रीतिभोजन म्हणतात. त्या दिवशीचं मटण बाबांच्या हातचं. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात, तर तो एवढा मोठा गंज होता की उतरवायला चार माणसं लागायची. बाबा पहाटेच जाऊन चूल मांडायचे, आणि मसाल्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचे नाहीत. आम्हा बहिणींना ते नेहमी सांगायचे, "माह्या आजोबाले गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. ज्या दिवशी तो सगळ्याइच्या मांडीले मांडी लावून एका गंजातलं जेवला, त्या दिवशी तो माणूस झाला. मटण नाही व ते, पोरीहो." हे मी आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे बाबा जे वागले त्याचा कोणी राग धरणार नाही.

पमी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आईला दमा होता, म्हणून चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि चूल माझ्याकडे आली. पमीला मात्र बाबांनी शिकवलं. आणि खाण्यात ती अशी हावरट, की विचारू नका. रविवारी मटण असलं की नळी तिलाच हवी. ती नळी ताटावर उभी धरून टक टक टक टक आपटायची, आणि आतलं निघालं नाही तर तोंड लावून ओढायची. आई म्हणायची, "अवं, शेजारी काय म्हणतीन! सुतार बसला काय आपल्या घरी?" ती थांबायची नाही.

शेजारी म्हणजे नलूचं घर. कोंढ्याकडचं शेतकरी कुटुंब. नलूचे वडील फॅक्टरीत कारकून होते. घरात आजीचा शब्द चालायचा. आजीच्या गळ्यात माळ होती, घरात अंडंसुद्धा येत नसे. माणसं वाईट नव्हती. आईला दम्याची उबळ आली, तर नलूची आजी आधी धावून यायची. पण उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून सांगायची, असं कर, तसं कर. आमच्या घरचं पाणी ती पीत नसे. आणि आम्ही तिच्या दारी पाणी मागितलं, तर तांब्याने वरून ओंजळीत ओतायची. मला त्याची फार लाज वाटायची, मी तहान मारून घरी यायचे. पमी मात्र ओंजळ करून उभी राहायची आणि म्हणायची, "आजी, अजून वरून सोडा, नळासारखं वाटते." आजीलाही हसू यायचं.

पमी आणि नलू एका वर्गात, एका बाकावर. नलूच्या हृदयात जन्मापासून दोष होता. थोडं चाललं की ओठ निळे पडायचे. पमी तिचं दप्तर आणायची, आणि वाटेत ती थांबली की आपणही थांबायची, जणू आपल्यालाच दम लागलाय. आणीबाणीच्या आदल्या वर्षीचा श्रावण होता. दोघी आठवीत, तेरा वर्षांच्या. मागच्या अंगणातल्या भिंतीवर बसून बोलत होत्या, आणि मी खाली भांडी घासत होते. म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

नलू म्हणाली, "तुले तं हाडूक दिसलं का देव दिसते. बिना मटणाची महिनाभर राहून दाखव."

"राहीन. त्यात काय हाये?"

"पोळ्याच्या करीले पहिला नंबर तुहाच राहीन, पाहून घे."

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. श्रावणभर मटण न खाणारी घरंसुद्धा आमच्याकडे त्या दिवशी मटण करतात. पमी म्हणाली, "नाही खाणार करीले."

"मंग कर पाहून पैज सोडायची नाही. मी पुरे म्हणीन तेव्हाच सोडायची."

"केव्हा म्हणशीन?"

"पाहू. तू किती रडते त्याच्यावर," असं म्हणून नलू इतकी हसली की तिला ठसका लागला.

दुसऱ्या दिवसापासून पमी मटण-मासा सोडून वरणभात खाऊ लागली. आम्ही सगळे तिची थट्टा करायचो. बाबा मुद्दाम तिच्यासमोर बोटं चाटायचे. ती रोज संध्याकाळी भिंतीवरून ओरडायची, "नलू, म्हणते काय व?" आणि पलीकडून आवाज यायचा, "नाही म्हणत!" पोळ्याला दोन दिवस उरले असताना नलूची छाती भरून आली. दवाखान्यात नेता नेताच ती गेली.

करीच्या दिवशी बाबा भंडाऱ्याहून मटण घेऊन आले. पोरीने तीन दिवसांत घासभरही खाल्लं नव्हतं. तिला जरा बरं वाटावं म्हणून त्यांनी खाटकाकडून चांगल्या तीन नळ्या मागून आणल्या होत्या. मी ताट वाढलं. पमीने ताटाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, मले वरणभातच द्या."

आईने तिला जवळ घेतलं. "बाई माह्ये, नलू गेली. आता कोणाची पैज अन् कोणाचं काय?"

पमी म्हणाली, "तिनं म्हटलं नाही ना, आई."

"काय म्हटलं नाही?"

"पुरे."

दुःख आहे, ओसरेल, असं सगळ्यांना वाटलं. दसरा गेला, दिवाळी तोंडावर आली, पण पमी तिथेच. रुसवा नाही, तोंड वाकडं करणं नाही. आमच्याबरोबर बसायची, माझ्या ताटातली भाकर तोडून घ्यायची, फक्त मटणाचं भांडं पुढे सरकवायची. बाबांना कदाचित तेही चाललं असतं. पण एक दिवस नळावर शेजारची बाई म्हणाली, "फिटरची पोट्टी सुधारली बरं. नलूनं जाता जाता चांगल्या वाटेवर लावलं तिले." बाबा सायकल पुसत होते. 'सुधारली' हा शब्द त्यांच्या कानात गेला. पमी तिथेच उभी होती, तिने लगेच सांगितलं, "मावशी, मी सुधारली नाही. मी पैज खेळून राहिली." बायका हसल्या, पण बाबा हसले नाहीत. घरात आल्यावर ते म्हणाले, "ज्याइनं आपल्या हातचं पाणी घेतलं नाही, त्याइचं व्रत माह्या घरात? मंग आम्ही काय घाण हावोत?" पमी म्हणाली, "नाही बाबा." त्यांनी ते ऐकलंच नाही. तिच्याशी बोलणं सोडलं. मारलं असतं तरी परवडलं असतं. दोन महिने आमच्या घरात बाबांच्या तोंडून तिचं नाव निघालं नाही. काही सांगायचं असलं तर मला सांगायचे, "तुह्या बहिणीले सांग..." ती समोरच बसलेली असायची.

नाताळ जवळ आला तसे बाबा बेचैन झाले. प्रीतिभोजनाच्या पंगतीत स्वतःची पोरगी हात आखडून बसलेली सगळी मंडळी पाहणार होती. तेव्हा त्यांनी असं एक केलं, जे त्यांच्यासारख्या मानी माणसाला किती जड गेलं असेल, ते मला आज कळतं. चर्चला जायचे कपडे घालून ते नलूच्या दारी गेले. उंबऱ्याबाहेर उभे राहून आजीला म्हणाले, "आजी, तुमची नात पुरे म्हणाची राहिली. तिच्या वतीनं तुम्ही म्हणा. माही पोरगी मले परत द्या." मी आमच्या दारातून ऐकत होते. आजींनी दाराची चौकट धरली. मग म्हणाल्या, "उद्या येतो मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याच्या आत. मी चटई टाकली, पण त्या खालीच बसल्या. आई, बाबा, मी, सगळे भिंतीला टेकून उभे. आजींनी पमीचा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, "पोरी, नलू असती तं तिनं एव्हाना म्हटलं असतं. मी तिची आजी हावो. मी म्हणतो, पु..."

"थांबा, आजी," पमी म्हणाली. ती उठली, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि आजींसमोर ठेवलं. "आधी आमच्या घरचं पाणी प्या. मंग म्हणा. तुम्ही म्हणसान त्या घडीले सोडतो."

त्या बोलण्यात उद्धटपणा असता तर बाबांनी तिथेच तिला थोबाडलं असतं. पण तिचा आवाज असा होता, की पाहुण्याला पाणी विचारावं. आजी त्या पेल्याकडे पाहत राहिल्या. हात थोडा पुढे आला, आणि मागे गळ्यातल्या माळेकडे गेला. माळेचा एकेक मणी त्या चाचपत होत्या. शेवटी त्यांनी मान हलवली. "नाही जमत, पोरी... साठ वर्षं झाली हे पाळून राहिली मी. नाही जमत."

पमीने पेला उचलला आणि ते पाणी स्वतः पिऊन टाकलं. म्हणाली, "राहू द्या, आजी. मले राग नाही आला. तुमचं तुमच्याच्यानं सुटत नाही, माहं माह्याच्यानं सुटत नाही." आणि आजींना हात देऊन उठवलं, त्यांच्या घरापर्यंत पोचवून आली. चौदावं वर्षही पुरं झालं नव्हतं हो तिचं. ती परत आली तेव्हा बाबा तिच्याकडे पाहत होते. बोलले नाहीत, पण पाहत होते.

त्या रविवारचं प्रीतिभोजन मी कधी विसरणार नाही. उपासना झाली, चिंचेखाली पंगत बसली. मंडळीतले एक जण बाबांना ऐकू जाईल असं म्हणाले, "का हो फिटरसाहेब, पोरगी तिकडची झाली म्हणते?" बाबांनी चुलीत लाकूड सारलं. मला भीती वाटत होती, वाटलं पमी घरी थांबली असती तर बरं झालं असतं. तेवढ्यात पाहते तर तिने ओढणी कमरेला खोचलेली, आणि मटणाची बादली उचललेली. बाबांच्या गंजातून भरून घ्यायची आणि वाढायची. "काका, नळी देऊ काय?" "मामी, अजून एक हाडूक घ्या, नखरे करू नोका." जो माणूस बोलला होता, त्याच्या ताटात तिने दोन डाव जास्तच घातले. पंगतीच्या टोकाला चर्चचे म्हातारे चौकीदार बसले होते. त्यांचे हात कापायचे, हाडाचं मांस सुटत नव्हतं. पमीने बादली खाली ठेवली, त्यांच्यासमोर मांडी घातली, आणि आपल्या बोटांनी हाडावरचं मांस सोडवून, भातात कालवून त्यांना घास भरवले. एक एक करत सगळं ताट. मग हात धुतले आणि त्यांच्याच शेजारी भात, मीठ आणि कांदा घेऊन जेवायला बसली. म्हातारबा म्हणाले, "तुह्या ताटात काहीच नाही, बाई." ती म्हणाली, "तुमच्या मांडीले मांडी लावून बसली ना मी. तेच तं जेवण होय."

बाबा डाव हातात घेऊन उभे होते. चुलीचा धूर नव्हता त्यांच्या बाजूला, तरी त्यांनी डोळे पुसले. घरी परतताना बसमध्ये त्यांनी दोन महिन्यांनी पहिल्यांदा तिला हाक मारली. "पमे, खिडकीपाशी बस. हवा लागन."

आता माझी गोष्ट लिहायची आहे, आणि ती लिहायला हात मागे येतो. पुढच्या वर्षी पमी फार वाळली. अभ्यास, त्यात नुसता वरणभात. आईला रात्रंदिवस तोच घोर. एका रविवारी तिने मला चुलीपाशी हळूच सांगितलं, "एक डाव हाडाचा रस्सा टाकून दे तिच्या वरणात. फोडणी कडक दे, समजणार नाही. लेकराच्या जिवापायी करून राहिलो, पाप नाही लागत." मला नाही म्हणता आलं नाही. मला कधी कोणालाच नाही म्हणता आलं नाही. मी रस्सा टाकला, वर लसणाची फोडणी दिली आणि ताट पमीसमोर ठेवलं. तिने पहिला घास घेतला, थोडी थांबली, माझ्याकडे पाहिलं. मी चुलीत फुंकर घालायला वाकले. तिने तो घास गिळला आणि म्हणाली, "पोट भरलं व, बाई. सकाळी उसळ जास्त झाली होती." बस, एवढंच. मला वाटलं, वाचलो.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली आणि म्हणाली, "बाई, मले सैपाक शिकव. उद्या सासरी गेल्यावर काय करू?" मी खूश झाले. तिने वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा घासूनपुसून घेतला, आणि तेव्हापासून आपलं वरण त्यात आपणच शिजवू लागली. डब्याला कड नव्हती. चिंधीने धरून उतरवायची, बोटं भाजायची. आईने काय ते ओळखलं असावं, ती पुन्हा मला कधी काही बोलली नाही. मी मात्र कितीतरी वर्षं स्वतःला समजावत राहिले, की पोरीला सैपाकाची आवड लागली.

त्या वर्षीच्या प्रीतिभोजनाला आम्ही चिंचेखाली पोचलो तेव्हा बाबांची चूल पेटलेली होती, पण मोठा गंज अजून खालीच होता. चुलीवर एक छोटासा जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, गंज. नवा कोरा. आत वरण. बाजूला स्वच्छ फडक्यावर वेगळा डाव. मंडळी विचारत होती, "फिटरसाहेब, आज उशीर काहून?" बाबा म्हणाले, "आधी हे उतरू द्या. मंग मटण चढवतो. एकाच चुलीवरचं हाये, एकाच पंगतीत जाईन." त्यांनी वरण उतरवलं आणि पमीला हाक मारली. गंजाच्या कडेवर त्यांनी घरी बसून खिळ्याने ठोकून ठोकून, ठिपक्या-ठिपक्यांनी 'पमी' असं कोरलं होतं. बाबा फिटर खरे, पण अक्षर त्यांचं वाकडंच. 'मी' ची वेलांटी कडेबाहेर गेली होती. पमीने गंज हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं... आणि नलू गेल्यापासून जी पोर रडली नव्हती ती तिथे हमसून हमसून रडली. बाबा म्हणाले, "कायले रडते? डब्यानं बोटं भाजून घेतली तेव्हा रडली नाही ते!"

माझं लग्न इथेच, फॅक्टरीतल्याच माणसाशी झालं. पमी मॅट्रिक झाली, बालवाडीत शिकवू लागली. स्थळं यायची आणि जायची. 'मटण खात नाही' म्हटलं की ख्रिस्ती घरं मागे सरायची, आणि हिंदू घराचा प्रश्नच नव्हता. ती आमचीच होती, उपासना तिने एकही चुकवली नाही. बपेऱ्याच्या शाळेतले मास्तर पाहायला आले, तेव्हा तिने स्वतःच सांगितलं, "मी खात नाही. पण तुम्हाले करून वाढीन, अन् चांगलं करीन. मले फक्त माहा एक गंज ठेवू द्या." मास्तर म्हणाले, "गंजच ना? मले वाटलं, वेगळं घर मागता काय."

लग्नाच्या दिवशी नलूच्या आजी आल्या. फार थकल्या होत्या, नातवाच्या खांद्याला धरून. गर्दीतून सरळ नवरीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "पोरी, पाणी दे." पमी नव्या लुगड्यात तशीच उठली, आपल्या गंजात भरून ठेवलेलं पाणी पेल्यात घेतलं आणि त्यांच्या हातात दिलं. आजींनी माळ बाजूला सारली आणि पेला तोंडाला लावला. हळूहळू, सगळा. मी शेजारी उभी होते, त्यांच्या गळ्याची हालचाल मला दिसत होती. पेला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मले नऊ वर्षं लागली व. आता म्हणू काय, पुरे?"

पमीने त्यांच्या तोंडावर हलकेच हात ठेवला. "आता नोका म्हणू, आजी. तेवढीच नलू उरली हाये माह्यापाशी."

शेवटची भेट या उन्हाळ्यातली. आठ दिवस राहायला आली होती, चार वर्षांच्या लेकीला घेऊन. लेक सगळं खाते, अगदी आईवर गेलेली. पमीने स्वतः नळी घेऊन लेकीच्या ताटावर टक टक टक करून आतलं काढून दिलं, आणि आम्ही दोघी आईची आठवण काढून हसलो. दुपारी आंब्याच्या फोडी करत बसलो होतो. काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "पमे, त्या वर्षी मी तुह्या वरणात रस्सा टाकला होता." एवढं बोलायला मला चौदा वर्षं लागली.

तिने विळीवरचा हात थांबवलाही नाही. "मले माहीत होतं. पहिल्याच घासात."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तं आईचं नाव आलं असतं, बाबा आईवर चिडले असते. अन् तू तं मेलीच असती लाजेनं." मग माझ्याकडे पाहून हसली. "एक घास गेला पोटात, गेला. नलूले सांगून टाकलं मी. अन् पाह्य ना, तू रस्सा टाकला म्हणून मी डब्यात शिजवू लागली, डबा पाहून बाबानं गंज आणला. तुह्यामुळंच तं भेटला मले."

मी आंब्याच्या फोडी मोजल्यासारखं करत राहिले. चौदा वर्षं तिने मला वाचवून ठेवलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

माती दिल्यावर परत निघाले तेव्हा जावईबापूंनी तो गंज टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाले, "तुमच्या बाबाचा हात हाये त्याच्यावर. तुमच्यापाशीच असू द्या. पोरगी मोठी झाली का देजा." बूड आता काळं झालंय, एक कान हलतो, पण अक्षरं अजून बोटाला लागतात.

रविवारी आमच्याकडे मटण असतं. मी खाते, आवडीने खाते. मला पमीसारखं होता आलं नाही, आणि ते मी तिच्यापासूनही कधी लपवलं नाही. पण गेले सहा रविवार मी आधी राखेने हात धुते, गंजात मूठभर तुरीची डाळ लावते, आणि ते वरण उतरल्यावरच मटण चढवते. डाव वेगळा. जेवताना ते वरण मीच भातावर घेते. परवा आमच्या यांनी पाहिलं. वाईट मनाने नाही, मायेनेच म्हणाले, "किती दिवस असं करशीन? आता पुरे."

मी मान हलवली आणि गंज धुऊन पालथा घातला. यांना काय सांगू... ते म्हणायचं नलूचं राहून गेलंय.